नमुन्यातली प्रेमला

संपतनं फ्लेक्स छापायचं मशीन मध्येच बंद केलं, तेव्हाच श्रीधररावांनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ते मशीन थांबायचं ते वीज गेल्यावर, नाहीतर आचारसंहिता लागल्यावर.

“रागावू नका,” संपत म्हणाला, “काल भाचीला गाडीत बसवाया स्वारगेटला गेल्तो. तिथं एका दुकानावर वहिनी हायत.”

“कोणाची वहिनी?”

“आमची. तुमची मंडळी. प्रेमलावहिनी.”

श्रीधररावांनी चष्मा काढून पुसला. प्रेमलाबाईंना जाऊन दिवाळीला वर्ष झालं होतं आणि खांदा द्यायला हाच संपत सगळ्यांच्या पुढे होता.

“बरं. कशी आहे तब्येत?”

“चेष्टा नाय ओ. बोर्डावर हायत. ‘आजीच्या हातची पुरणपोळी’, आन् शेजारी वहिनी. खळखळून हसत्यात.”

हसत्यात म्हटल्यावर मात्र श्रीधरराव उठले. कारण प्रेमलाबाई फोटोत हसत नसत. कॅमेरा समोर आला की त्या असा चेहरा करायच्या, जणू फोटोग्राफरानंच घरातली साखर चोरलीय. त्यांच्या आधार कार्डाचा फोटो पाहून बँकेतला साहेब आपण होऊन उठून उभा राहिला होता म्हणे. जन्मात त्या हसल्या एकाच फोटोत. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, हिरव्या साडीत. फोटो श्रीधररावांनी मोबाइलवर काढला होता. त्या कशावर हसल्या ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांपैकी एक आता नव्हतं.

तो फोटो बाहेर गेला कसा, हे मात्र त्यांना घरी पोचेपर्यंत उमगलं होतं.

श्रीधरराव घरी बसून लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजल्या जुळवून द्यायचे. कोणीतरी चोरून घालून दिलेलं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर एक दिवस बंद पडलं ते पडलंच. विकतचं महाग, म्हणून त्यांनी एक फुकटचं ॲप निवडलं. मुलीनं, पूर्णिमानं, बंगळूरहून बजावलं होतं, “बाबा, फुकट देतात ते काहीतरी घेतात.” ते श्रीधररावांना पटलंही होतं. लोकांच्या लेकीबाळींचे फोटो, घरचे पत्ते, फोन नंबर. असं भलत्याच्या हाती द्यायचं नाही. म्हणून त्यांनी नियम केला. ॲपमध्ये नुसता नमुना जुळवायचा, आणि गिऱ्हाइकाचा खरा फोटो, खरा मजकूर संपतच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरायचा. मग नमुन्यात कोणाचा फोटो? घरचाच. प्रेमलाचा.

तशी एखाद्या फुलाच्या चित्रावरही वेळ मारून नेता आली असती. पण त्यामुळे प्रेमला दिवसभर समोर असायची. सकाळी वाढदिवसाची बाई, दुपारी भावी नगरसेविका, संध्याकाळी वरमाई. श्रीधरराव तिला फेटाही बांधायचे.

फुकटात केलेलं डिझाइन सगळ्या जगाला वापरायला खुलं राहील, असं त्या ॲपच्या अटींत तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं. ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ हे कुठे आणि किती बारीक घालायचं, हे ठरवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनीच ते वाचलं नाही.

घरी येऊन त्यांनी ॲपमध्ये ‘आजी’ शोधलं. पहिलीच प्रेमला. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत प्रेमला, पापडाच्या पुड्यावर प्रेमला. जिला मांडी घातली की मुंग्या यायच्या, ती योगासनांच्या वर्गाला बोलावत होती. आणि सगळीकडे तेच हसू. ओट्यापाशी त्यांच्याकडे बघून हसलेली ती, आता गुडघेदुखीवाल्यांकडे बघून हसत होती.

पूर्णिमाला फोन लावला. ऑफिसात होती, पण उचलला.

“तक्रार केलीत का?”

“केली. विचारतात, फोटोतली व्यक्ती तुम्हीच का? मी म्हटलं, नाही. तर म्हणे, त्या व्यक्तीला तक्रार करायला सांगा.”

“मग?”

“सांगतो म्हटलं. भेटली की.”

पलीकडे पूर्णिमा काहीतरी उघडून बघत होती.

“बाबा, श्रद्धांजलीच्या नमुन्यात तुम्ही आहात. हार घालून.”

“मग तिला लावू त्यात?”

“बाबा, ते आधी पुसा. प्लीज.”

“पुसतो. दोघांनाही पुसतो.”

“मी येते पुढच्या महिन्यात. नक्की.”

“ये की. घर तिथेच आहे.”

फोन ठेवून ते पुसायला बसले. प्रत्येक नमुन्याला ॲप विचारायचं, खात्री आहे? परत मिळणार नाही, चालेल? इतक्या आपुलकीनं त्यांना हल्ली कोणी काही विचारत नसे. ते हो, हो म्हणत गेले. फेटा गेला, नगरसेविका गेली, वरमाई गेली. शेवटी ॲपनं कळवलं, की ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्याकडे ते राहील. पडदा पांढराफट्ट झाला. संध्याकाळभर श्रीधरराव त्याच्यापुढे बसून होते. उठून करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वारगेटला गेले. गल्लीतलं चिमुकलं दुकान, आणि त्यावर दुकानापेक्षा मोठी प्रेमला. खाली निकिता नावाची तिशीची बाई एकटीच लाटत होती, भाजत होती, पैसेही घेत होती. बोली वर्ध्याकडची.

“या काका, बसा नं. गरम करूनच राहिले.”

“या बाई कोण?” श्रीधररावांनी वर बोट केलं.

“आमची आजी हाय जी. आत पोळ्या लाटून राहिली.”

“हिची पुरणपोळी कधी न फुटता तव्यावर गेली नाही.”

निकिताचं लाटणं थांबलं.

“माझी बायको आहे ती. प्रेमला.”

रात्रभर त्यांनी बोलणं पाठ केलं होतं. पोलीस, वकील, लाज नाही का वाटत, सगळं. पण निकितानं पिठाचे हात पदराला पुसले आणि वर न बघता म्हणाली, “माफ करा काका. मोबाइलवर फुकट भेटला. मले वाटलं मॉडेल असन.”

“मॉडेल. हे तिला ऐकवायला हवं होतं.”

“इथं आली तवा कोणी हसून बोलत नव्हतं माझ्याशी. म्हणून ह्याच घेतल्या. सकाळी शटर वर करताना म्हणते, चला आजी.”

पाठ केलेलं सगळं श्रीधररावांनी गिळलं. राहू दे म्हणावं, असंही क्षणभर वाटलं. चार माणसांत असते, कोणीतरी सकाळी हाक मारतं. घरी कोण मारणार?

“काका, एक विचारू? काकू एवढ्या कशावर हसल्या होत्या?”

श्रीधररावांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली.

“कुकरची शिट्टी उडाली. खिडकीतून गेली ती थेट समोरच्यांच्या पोपटाच्या पिंजऱ्यात. पोपटानं गिळली. तेव्हापासून तो तीन शिट्ट्या मारतो आणि ओरडतो, गॅस बंद करा. सगळ्या सोसायटीचा भात कच्चा राहायला लागला. चेअरमननं पोपटाला नोटीस काढली.”

निकिता इतकी हसली की पोळी तव्यावर करपली. श्रीधररावही थोडेसे हसले. खरं काय ते त्यांनी तिला सांगितलं नाही, आणि तुम्हाआम्हालाही सांगणार नाहीत.

“आता उतरव तिला,” ते म्हणाले. “नवा बोर्ड मी करून देतो.”

“फोटो कोणाचा लावू मंग?”

“तुझा लाव, पोळ्या तू करतेस. नको वाटत असेल तर नुसत्या पुरणपोळीचा. पोळीची कशाला हरकत नसते.”

“पाहाते विचार करून,” निकिता म्हणाली. स्टुलावर चढून तिनं तारा सोडवल्या. दोघांनी मिळून फ्लेक्स खाली घेतला. निकिता त्याची घडी घालायला लागली तेव्हा श्रीधररावांनी तिचा हात धरला. घडी बरोबर नाकावर आली असती. चेहरा आत ठेवून त्यांनी हलक्या हातानं गुंडाळी केली आणि सुतळी बांधली.

बिबवेवाडीच्या बसला गर्दी होती. गुंडाळी त्यांच्या खांद्याच्याही वर जात होती. एका कॉलेजच्या मुलीनं उठून जागा दिली. श्रीधररावांनी गुंडाळी खिडकीच्या बाजूला उभी केली आणि स्वतः अलीकडे बसले.

“मोठाच नकाशा आहे की,” मागचे गृहस्थ म्हणाले. “कुठला?”

“घरचंच आहे,” श्रीधरराव म्हणाले.

वाऱ्यानं गुंडाळीचं एक टोक उलगडलं होतं. त्यातून हिरव्या साडीचा काठ दिसत होता. श्रीधररावांनी खिशातून रुमाल काढला आणि तेवढं झाकून घेतलं.