एकाच मापाचा हात

हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. बुवांनी तबकावरचं झाकण उचललं आणि ओलसर काळ्या धुळीत हाताचा पंजा उमटलेला दिसला.

"आली! तुमची बायको भेटून गेली!" बुवा गरजले. "तबक झाकून न्या, एकट्यानंच बघा. दुसऱ्याची नजर पडली की ती कायमची जाईल. रोज यातली चिमूटभर धूळ पाण्यातून घ्या, छाती मोकळी होईल."

मेलेली माणसंही बुवांच्या वेळापत्रकाप्रमाणेच येत, हे विशेष!

गर्दीत मागे एक तरुणी उभी होती; समोर रडणारा म्हातारा तिचा बाप होता. ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे करताकरता त्याच्या छातीचा भाता झाला होता. बायको गेल्यापासून तो लेकीशी कामापुरतंच बोले. आता तबकाशी तासन्‌तास बोलू लागला. ती दाराआडून ऐकायची. घरात माणसं दोन, आणि दोन्ही एकटी.

ती त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. साचे करताना उडणारी, फेकून दिली जाणारी धूळ पुन्हा साच्यांत वापरता यावी, यासाठी तिची खटपट चाले. त्या धुळीत न जळलेली चिकणमाती उरते. थोडं पाणी मिळालं की ती पुन्हा आकार धरते. बापाच्या पेल्यातला काळा गाळ तिनं बोटांत चोळला आणि ती चरकली.

"बाबा, ही आपल्या कारखान्याच्या ढिगाऱ्यातली धूळ आहे. पिऊ नका."

"असेल धूळ. पण पंजाची एकही कड ढासळलेली नाही! जिवंत माणसाचा हात धुळीतून इतका साफ निघत नाही; हा तिचाच. साचे तू केलेस की मी?"

पुढच्या बैठकीला बाप आपलं तबक घेऊन बसला होता; शेजारी एक शिंपीणबाई होती, गेलेल्या मुलाचं तबक उराशी धरून. आता बाप आपलं तोंड बघणार नाही, हे ठाऊक असूनही लेकीनं दोन्ही तबकांवरची फडकी ओढली.

"पाप! घोर पाप!" बुवा किंचाळले.

"काकू, माप घ्या."

शिंपीणबाईनं गळ्यातली टेप लावली. एकदा इथे, एकदा तिथे. "माझा लेक दारात वाकून शिरायचा," ती म्हणाली, "आणि त्याचा हात हिच्या आईएवढा?"

बापानं पंजाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कडेला उतार आहे," तो पुटपुटला. "लाकडी नमुना अलगद निघावा म्हणून आम्ही देतो तसा." जन्मभर हाताळलेला हा उतार दुःखात त्याच्या नजरेतून सुटला होता.

लेकीनं बुवांचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला लाकडी पंजा ठोकलेला होता, गुळगुळीत घासलेला. गलका उसळला, आणि बुवा मागच्या दारानं पसार झाले.

घरी बापानं तबक खाली ठेवलं.

"दुसऱ्यांदा गेली गं ती."

तिला रडू कोसळलं. "पहिल्यांदा गेली तेव्हा तुम्ही माझ्यासमोर रडलाही नाहीत."

"तू तरी कुठे रडलीस?" म्हणत त्यानं तिला जवळ ओढलं.

एकट्यानंच बघा, कुणाला दाखवू नका, असं कुणी सांगितलं की तिथेच सावध व्हा. ती वस्तू उजेडात आणा, शेजाऱ्याला हाक मारा, मोजा, विचारा. आणि आपलं माणूस गेलं असेल, तर मागे राहिलेल्यांशी बोला.