शिंपिणीच्या कात्रीने ऐकलेले आभार

मित्रांनो, मी एक जुनी, जड, पोलादी कात्री आहे. कागद कापायची नव्हे, कापड कापायची. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही, आणि माझ्या आयुष्याची गोष्ट नेमकी अशाच एका माणसाची आहे. त्यामुळे मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले, पुन्हा तापवले. मग दोन्ही पाती खिळ्याने जोडली, एकदा उघडझाप करून पाहिली आणि म्हणाला, "बरी झाली." बस्स. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती कधी कुणी ऐकली नव्हती. तेव्हापासून मला कमी बोलणारी माणसे आवडतात. पुढे माझी गाठ कुणाशी पडायची आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

लोहाराकडून मी कपड्यांच्या एका कारखान्यात गेले. तिथले कटिंग मास्तर मला रोज फडक्याने पुसायचे, तेलाचा थेंब द्यायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. निवृत्त होताना मात्र त्यांनी मला आपल्या हाताखालच्या एका मुलीला देऊन टाकले. ती नुकतीच शिकून तयार झाली होती, पण कापडावर खडूची रेघ ओढताना तिचा हात डगमगत नसे.

"घे. आणि हिच्यानं कापड सोडून दुसरं काही कापलंस, तर मी येऊन कान धरीन," मास्तर म्हणाले.

तिने मला दोन्ही हातांनी घेतले. ती माझी मालकीण. पुढे ती घरीच शिवणकाम करू लागली आणि सगळी गल्ली तिला शिंपीणबाई म्हणू लागली. मीही तेच म्हणते.

शिंपीणबाईने लग्न केले ते एका आवाजाशी. तो बस स्थानकावर उद्घोषक होता. काचेच्या खोलीत बसून अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, असे सांगायचा. आवाज असा भरदार, की गाडी चुकलेला माणूसही क्षणभर थांबून ऐकायचा. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत, हे वाक्य तो इतक्या गोडीने म्हणायचा की लोकांना आपण खरोखरच काही सहकार्य केले असे वाटायचे. शिंपीणबाईच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, पहिल्या भेटीतच त्याचे नाव भोंगा ठेवले. ताई इस्पितळात परिचारिका होती. आवाज आणि काम यांतला फरक तिला चटकन कळायचा.

खोटे कशाला बोलू? सुरुवातीची वर्षे बरी गेली. दोघे एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहायचे. नाताळ आला की घरातच सगळे करायचे. मोडक्या छत्रीच्या काड्यांवर हिरवे अस्तर चढवून शिंपीणबाईने नाताळचे झाड केले होते. उरलेल्या कापडाच्या चांदण्या मी कापल्या. भोंगा केकचे पीठ फेटायचा, नाकाला पीठ लावून घ्यायचा आणि गाणी म्हणायचा. पाहुणी एकटी ताई. केक मधोमध बसलेला असायचा आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे.

मग भोंग्याला बढती मिळाली, घर मोठे झाले, आणि नाताळला मॅनेजरसाहेब, त्यांची बायको आणि कार्यालयातली मंडळी येऊ लागली. इथून, मित्रांनो, माझा जीव विटायला सुरुवात झाली.

मॅनेजरांच्या बायकोने पहिल्याच वर्षी टेबलावरच्या कापडाला हात लावून विचारले, "अय्या, हे घरी शिवलंय?"

"आम्ही सगळं घरीच करतो," भोंगा म्हणाला.

आम्ही! या एका शब्दाचा मला जितका तिटकारा आहे तितका गंजाचाही नाही. पडदे आम्ही शिवले, नॅपकिन आम्ही शिवले, प्रत्येक पाहुण्यासाठी भरतकाम केलेली भेटीची पिशवी आम्ही शिवली. बिस्किटे आम्ही भाजली. भोंग्याने काय केले, तर कोट चढवला. जेवणाआधी तो पेला हातात घेऊन उभा राहायचा आणि आभार मानायचा. परमेश्वराचे, पाहुण्यांचे, कार्यालयाचे, हवेचेसुद्धा. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, "आणि जिच्याशिवाय मी काहीच नाही, त्या माझ्या सहचारिणीच्या सोन्यासारख्या हातांचे आभार!" पाहुण्यांचे डोळे पाणावायचे. सोन्यासारखे हात तेवढ्यात सूप वाढत असायचे. भाषण लांबले की ते सूप परत गरम करायलाही तेच हात जायचे.

दरवर्षी काहीतरी वाढायचे. यंदा खुर्च्यांना झालरी लावू या. यंदा खिडकीत कापडी घंटा टांगू या. "तुला काय, तुझ्या हातचा मळ आहे," तो म्हणायचा. वाहवा मिळाल्यावर त्याचा चेहरा कसा फुलायचा ते मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकून पाहिले आहे. त्या चेहऱ्याची मला कीव यायला हवी होती. आली नाही.

एके वर्षी दिव्यांची माळ लांब झाली म्हणून त्याने मला खिळ्यावरून काढले आणि माझ्या पात्यांत तार धरली. होय, तार! कट्ट आवाज झाला आणि माझ्या वरच्या पात्याला खाच पडली. दुसऱ्या दिवशी मी रेशमी कापडावर अडले. शिंपीणबाईने मला उजेडात धरून पाहिले.

"अहो, हिच्यानं काय कापलंत?"

"थोडीशी तार. अगं, लोखंडच आहे ते. त्याला काय होतंय?"

तिने मला फडक्यात गुंडाळून धारवाल्याकडे नेले. त्याने घासून दिले, तरी खाच पुरती गेली नाही. तेव्हापासून कापड कापताना तिला त्या जागी अंगठ्याने जास्त जोर द्यावा लागायचा.

आणि तो अंगठा आधीच बिघडत चालला होता. हे सगळ्यांत आधी मला कळले, कारण तो माझ्याच कडीत असायचा. सकाळी तो वाकला की सरळच व्हायचा नाही. दुसऱ्या हाताने ओढून ती तो सोडवायची, तेव्हा टक्कन आवाज व्हायचा आणि तिच्या तोंडून श्वास निघायचा. तशीच ती पुढची बाही कापायला घ्यायची.

शेवटी एका नाताळच्या तोंडावर अंगठा अडकला तो अडकलाच. ताई तिला ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली. पट्टी बांधली गेली. शस्त्रक्रिया करावी लागेल, तोवर हात अजिबात वापरायचा नाही, असे सांगितले. भोंग्याची आमंत्रणे तर केव्हाच गेली होती.

"यंदा नको म्हणून सांगा ना सगळ्यांना," शिंपीणबाई म्हणाली.

"छे छे! तू फक्त आराम कर. सगळं माझ्यावर सोड," भोंगा छातीवर हात ठेवून म्हणाला.

क्षणभर मलाही वाटले, आता हा पीठ फेटायला बसणार. त्याने काय केले ते ऐका. शिंपीणबाई पट्टी बदलायला गेली त्या दुपारी तो मोठमोठ्या पिशव्या घेऊन घरी आला. टेबलाचे कापड विकतचे, नॅपकिन विकतचे, घंटा, झालरी, भेटीच्या पिशव्या, बिस्किटे, सगळे विकतचे. विकत आणण्यात पाप नाही, मित्रांनो. पण मग त्याने मला खिळ्यावरून काढले आणि एकेका वस्तूच्या उलट्या बाजूला शिवलेली दुकानाच्या नावाची पट्टी कापू लागला. शीळ घालत होता! बिस्किटे त्याने घरच्या डब्यात ओतली आणि खोकी जिन्याखाली लपवली. इतक्या वर्षांत माझ्याकडून एवढे हलके काम कुणी करून घेतले नव्हते.

शिंपीणबाईने घरी येऊन टेबल पाहिले. "बरं दिसतंय," एवढेच म्हणाली. तो माणूस धावपळ करून काही आणतो आहे, याचेच तिला बरे वाटले असावे. दुकानाच्या पट्ट्या कापल्याचे तिला ठाऊक नव्हते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे जमले. ताईही होती. भोंगा कोट घालून उभा राहिला. परमेश्वर झाला, पाहुणे झाले, हवा झाली. मग आवाज खाली आला.

"आणि यंदाची गोष्ट वेगळी आहे. हिचा हात दुखतोय, पट्टी बांधलीय, तरी आपल्या सगळ्यांसाठी हिनं एकेक टाका स्वतः घातला. त्या वेदनेचे मी आभार मानतो!"

टाळ्या पडल्या. मॅनेजरांच्या बायकोने डोळ्यांना नॅपकिन लावला आणि म्हणाली, "खरंच हो, दुखऱ्या हातानं इतकं सगळं! तुम्ही धन्य आहात."

शिंपीणबाईने समोरचा नॅपकिन उलटा केला. कडेला दुकानाची पट्टी कापल्यावर उरलेली दोऱ्याची दोन टोके होती. तिने मग भोंग्याकडे पाहिले. तो पेला उंच धरून हसत होता.

"हे मी केलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, किती विनय!" भोंगा पाहुण्यांकडे वळून हसला.

"विनय नाही. हे सगळं विकत आणलंय. बिस्किटंसुद्धा. मला हात हलवता येत नाही, म्हणून मी काहीच केलं नाही. माझ्या दुखण्याच्या नावानं टाळ्या घेऊ नका."

तिचा आवाज चढला नव्हता. मॅनेजर आपल्या ताटाकडे पाहत राहिले. भोंग्याचा उंच धरलेला पेला हळूच टेबलावर आला. भरदार आवाजाची माणसे गप्प झाली की फार रिकामी दिसतात. पाहुण्यांनी कसेबसे दोन घास खाल्ले आणि थंडीचे निमित्त करून निघाले. शेवटचा माणूस बाहेर पडला तशी शिंपीणबाईने कोट अंगावर घेतला. एका हाताने बटणे लागेनात, ती ताईने लावून दिली. दोघी बहिणी ताईच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाताळ. घरात मी आणि भोंगा, दोघेच. टेबलावर खरकटे तसेच. आणि हा गृहस्थ आरशासमोर उभा राहून माफी मागण्याचा सराव करत होता! "प्रिये, माझ्या हातून..." मग थांबायचा, घसा खाकरायचा, "प्रिये" जरा आणखी खालच्या सुरात घ्यायचा. माझ्यावर गंज चढला असता तर बरे, असे वाटले. मग त्याने मला फडक्यात गुंडाळले आणि निघाला. कात्री नेऊन दिली की बायको विरघळेल, असा त्याचा हिशेब असावा.

ताईने दार उघडले. "काय मेहुणेबुवा, भाषण पाठ करून आलात?"

त्याने मान खाली घातली. ताईने वाट दिली, पण दार धरूनच.

आत शिंपीणबाई खिडकीपाशी बसून एका हाताने संत्रे सोलायची खटपट करत होती. संत्रे मांडीवरून निसटून त्याच्या पायाशी गेले. फडके उलगडून मला बाजूला ठेवत तो ते उचलायला वाकला आणि तिथेच थांबला. तिचा हात त्याच्या डोळ्यांसमोर होता. पट्टीच्या वर सुजलेले मनगट, कडीने पडलेला जुना काळा घट्टा. हे सगळे त्याच्या घरात वर्षानुवर्षे वावरत होते.

"हे कधीपासून दुखतंय?" त्याने विचारले. "प्रिये"ही नाही, सूरही नाही.

"दोन वर्षं होतील."

"मला बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तुझे हात म्हणजे सोनं."

तो खालीच बसला, फरशीवर. आरशासमोर घोकलेले त्याने काहीही म्हटले नाही. मग म्हणाला, "मी काय करू आता?"

"काही करू नका. ऐका फक्त."

आणि ती बोलत राहिली. झालरींविषयी, परत परत तापवलेल्या सुपाविषयी, "आम्ही" या शब्दाविषयी, माझ्या खाचेविषयीसुद्धा. मध्येच तो म्हणाला, "पण मी सगळ्यांसमोर तुझं कौतुक..." ताईने स्वयंपाकघरातून नुसते खाकरले. त्याने वाक्य अर्धेच सोडले. संत्रे मात्र त्याने सोलले, आणि फोडी करून तिच्या डाव्या हाताशी ठेवत गेला.

तुम्हाला वाटेल, इथे माझे मन द्रवले. नाही. एका दुपारने माणूस बदलतो यावर माझा विश्वास नाही. पुढेही त्याने भांडी घासताना तक्रारी केल्या, इस्त्री करताना दोन सदरे जाळले, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी इस्पितळात सगळ्या परिचारिकांचे इतके आभार मानले की ताईने त्याला बाहेर बसवले. पण शिंपीणबाई शुद्धीवर आली तेव्हा तो तिथे होता, आणि दुखतंय का, असे विचारून उत्तराची वाट पाहत होता.

तिचा अंगठा आता वळतो. जड कात्री मात्र वर्ज्य. तिने प्लास्टिकच्या कड्यांची एक हलकी कात्री घेतली आहे, दिसायला अगदी खेळणे. मी शिवणयंत्राच्या खणात असते. कधीतरी शिंपीणबाई मला बाहेर काढते, तेल देते, थोडा वेळ हातात धरते आणि परत ठेवते. माझी तक्रार नाही. त्या अंगठ्याला मीही कमी छळलेले नाही.

पुढच्या नाताळला ताई एकटीच पाहुणी होती. टेबलावर जुनेच कापड, नॅपकिन नाहीतच. केक भोंग्याने केला होता, एका बाजूने काळा. सगळे बसले तसा तो सवयीने उठला, कोट ओढून सरळ केला, घसा खाकरला. अर्धवट उघड्या खणात माझी पाती आवळली गेली.

"सूप गार होतंय," तो म्हणाला, "वाढतो."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी शिवत असेल, भाजत असेल, पुसत असेल. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणे सोपे आहे, त्याला काही लागत नाही. एकदा जवळ जाऊन विचारा, दुखतंय का. आणि उत्तर पुरे होईपर्यंत तिथून हलू नका.