उलटा जुज

चहाचा कप घेऊन संध्या सासऱ्यांच्या समोर उभी राहिली, आणि त्यांच्या हातातल्या ग्रंथाचं पान तिला सुलटं दिसलं. आधी त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. छापलेलं आहे, वाचता येतंय, त्यात काय एवढं. मग डोक्यात लख्ख झालं. आपल्याला सुलटं दिसतंय, म्हणजे पलीकडं बसलेल्या तात्यांच्या बाजूनं ते उलटं आहे. आणि तात्या तर खणखणीत आवाजात ओव्या म्हणत होते, एका जागीही न अडखळता.

तिला आधी दिसली ती स्वतःची चूक. हा ग्रंथ तिनंच बांधला होता. संध्याच्या वडिलांचं गुलमंडीमागच्या गल्लीत बाइंडिंगचं दुकान होतं, आणि लग्न होऊन ती गारखेड्यात आली तेव्हा दाभण, दोरा आणि पुस्तक दाबून धरायचा लाकडी शिकंजा हेच तिचं खरं रुखवत होतं. आता फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत तिचं काम चाले. शाळांची फाटकी पुस्तकं, वकिलांचे जाडजूड खंड, कुणाच्या आजीची पोथी, सगळं तिच्याकडं येई आणि टणटणीत होऊन परत जाई. पुस्तकाच्या छापील कागदांची घडी घालून पानांचा जो जुडगा होतो, त्याला तिचे वडील जुज म्हणत. एकेक जुज पाठीतून दोऱ्यानं ओवत, एकावर एक शिवत गेलं की पुस्तक उभं राहतं. तात्यांच्या ग्रंथाची पाठ पार उसवली होती, म्हणून तिनं तो सगळा सुटा करून नव्यानं शिवला होता. मधेच कुकरची शिट्टी झाली होती, दारावर कुरिअरवाला आला होता, आणि परत येऊन बसल्यावर घाईघाईत तिनं एक जुज डोकं खाली, पाय वर असा शिवून टाकला होता. बापाच्या दुकानात असं झालं असतं तर बापानं पुस्तक डोक्यात घातलं असतं.

आणि तात्यासाहेब म्हणजे काही साधं गिऱ्हाईक नव्हे. पिशोरच्या शाळेत त्यांनी उभी हयात मास्तरकी केलेली. लग्नपत्रिकेत एखादा अनुस्वार चुकला तर आहेर देण्याआधी ती चूक यजमानाच्या पदरात घालणारा माणूस. त्यामुळं संध्या कप धरून तशीच उभी राहिली, आता बोलणी बसणार म्हणून वाट बघत.

तात्यांनी पान उलटलं. पुढचं पानही तिला सुलटंच दिसलं. तात्यांचा आवाज तसाच, पाण्यासारखा वाहता.

शेजारी सरूबाई, तिच्या सासूबाई, पाय पसरून वाती वळत ऐकत होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. दुपारचा हा तास नवऱ्यानं वाचायचं आणि आपण ऐकायचं, हे त्यांचं लग्नापासूनचं सुख. संध्याला उभी बघून त्या कौतुकानं म्हणाल्या, "बघ कसे झरझर वाचतेत. तुझी बांधणी लई मानवली त्यांना."

संध्याला क्षणभर हसू आलं. पाठ असणार, दुसरं काय. इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचलेला ग्रंथ, डोळे पानावर आणि मन भलतीकडं. पण पाठ असलं तरी डोळ्यांपुढं उलटी अक्षरं आली तर माणूस एकदा तरी थबकेल की नाही? निदान ग्रंथ फिरवून तरी धरेल. तिनं कप खाली ठेवला, वाकली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"तात्या, हा शब्द कोणता आहे हो?"

तात्या थांबले. त्यांनी मान एकीकडं वळवली, कोंबडा दाणा बघतो तशी, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पानाकडं पाहिलं. तिच्या बोटाकडं नाही, बोटाच्या बऱ्याच वर.

"जुनी छपाई आहे," ते म्हणाले. "शाई उडाली. आणि वाचताना मधे बोलू नये, संध्या."

शाई कुठंही उडाली नव्हती. अक्षरं काळीभोर होती.

तात्यांनी ग्रंथ मिटला, कपाळाला लावला, टोपी घातली. "चला. श्रेयाची शाळा सुटेल," असं म्हणत त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला हात घातला, बरोबर त्या खुंटीला, आणि स्कूटरची किल्ली काढून घेतली. जिना उतरताना त्यांची पावलं नेहमीसारखीच पडली. ना चाचपडणं, ना ठेच. संध्या हे सगळं बघत होती. काय म्हणणार होती ती? ज्या सासऱ्यांसमोर आवाज चढवायची घरात रीत नाही, त्यांना थांबवून विचारायचं, की तात्या, तुम्हाला दिसत नाही का?

तरी तिनं विचारलं, पण सासूला. "आत्याबाई, तात्यांना दिसतं ना नीट?"

"दिसत नाय तर काय? मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा ओवून दाखवीन म्हनत होते."

"दाखवला का ओवून?"

"मी कशाला सांगू त्यांना ओवायला?" सरूबाई हसल्या आणि वात वळता वळता त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. "परवाच्या दिशी मला निशा म्हनले. निशे, कवा आलीस, म्हनले. मी मोरीतून येत होते. लेक तर नांदेडला हाय. मी म्हनलं, वय झालं, व्हतंय असं."

संध्याच्या डोक्यात मग एकेक गोष्ट येऊन आदळायला लागली. तात्या पेपर स्वतः वाचत नव्हते, श्रेयाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे, पोरीचं वाचन सुधारावं म्हणून. फोन आपणच लावून द्यायचो, त्यांच्या बोटांना ते पडद्याचं जमत नाही म्हणून. वरणात पडलेली माशी त्यांनी खाल्ली असती, आपण ताट ओढलं म्हणून वाचले. आणि आपण काय म्हणालो होतो? तात्या, लक्ष कुठंय तुमचं. घरात त्यांच्याशिवाय तीन मोठी माणसं, आणि एकालाही कळलं नाही. आंधळं नेमकं कोण होतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या आवाजानं ती भानावर आली. तात्या त्या स्कूटरवर श्रेयाला आणायला निघाले होते. रोज सोडत होते, रोज आणत होते. शाळा सुरू झाल्यापासून रोज, पहिलीतली एवढीशी पोर पुढ्यात उभी करून, सूतगिरणी चौकातून, ट्रक आणि बसच्या मधून. आज सकाळीही संध्यानं गॅलरीतून हात हलवला होता, घट्ट धरून उभी राहा म्हणून वर सांगितलंही होतं. ती घरातल्या हिरव्या साडीतच, पायात जे सापडलं ते घालून खाली धावली, पण स्कूटर वळणापलीकडं गेली होती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. इंद्रजीतला कंपनीत फोन कपाटात ठेवावा लागायचा, तो उचलणार नव्हताच, हे माहीत असूनही लावला. रिक्षा मिळाली तेव्हा ती सीटच्या कडेवरच बसली, पुन्हा पुन्हा फोन लावत. रिक्षावाल्या चाचांनी आरशातून पाहिलं.

"क्या हुआ भाभी? कायकू इत्ता घबरा रहे?"

"चाचा, जल्दी चलो. मेरी बच्ची है स्कूल में."

चाचांनी पुढं काही विचारलं नाही, रिक्षा दामटली. संध्या दोन्ही हातांनी दांडी धरून रस्त्याकडं बघत होती. चौकाच्या अलीकडं माणसांचा घोळका दिसला आणि तिनं डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा ते रसवंतीवरचं गिऱ्हाईक होतं. कुणीतरी ग्लास वर करून बर्फ मागत होतं. पुढं एक पांढरी टोपी दिसली, ती दूधवाल्याची निघाली. रस्त्यात फुटलेली काच दिसत नव्हती, गर्दी नव्हती, पण म्हणून जीव थाऱ्यावर येत नव्हता. जाताना काही झालं नाही तर येताना होईल, आणि येताना पोर बरोबर असेल.

शाळेच्या फाटकासमोर लिंबाखाली तात्यांची स्कूटर उभी होती. शेजारी तात्या, ताठ, टोपी नीट बसवलेली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिला असा संताप आला, की तिला स्वतःचीच भीती वाटली. आज ऐकून घ्यायचं नाही, आज बोलायचंच, असं ठरवून ती आयांच्या गर्दीतून वाट काढत तरातरा गेली आणि थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. दोघांमध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं.

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. आता विचारतील, तू कशी आलीस म्हणून. ती वाट बघत राहिली.

तात्या अदबीनं हसले. परक्या बाईशी बोलताना हसायचे तसे.

"ताई, पहिलीचा वर्ग सुटला का हो?"

संध्याचा सगळा राग जागच्या जागी विझला. तिच्या हातचं रोज जेवणारा माणूस, तिच्या चुका काढणारा, तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलेला, तिच्या तोंडाकडं बघून तिला ताई म्हणत होता.

उत्तर येईना, तेव्हा तात्याच पुन्हा म्हणाले, "जरा बाजूला उभ्या राहता का? राग नका मानू. माझी नात येईल आता. तिला मी दिसलो पाहिजे."

ती बाजूला झाली. त्याशिवाय तिला काही सुचलंच नाही. सासरे नातीला घेऊन येतात, असं ती रोज म्हणत होती. घेऊन ते कसले येत होते, एका जागी उभे राहून नातीला सापडत होते.

घंटा झाली आणि फाटकातून पोरांचा लोंढा आला. सगळ्या पोरींचा गणवेश एकच, आकाशी शर्ट, निळा स्कर्ट, पाठीवर दप्तर. तात्या मान वळवून, कोपऱ्यातून, प्रत्येकाकडं बघत होते आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक पोरीकडं बघून हसत होते, न जाणो तीच असेल म्हणून. दोन वेण्यांची एक मुलगी अगदी जवळ आली. तात्यांनी वाकून तिच्या दप्तराला हात घातला, "दे, ओझं दे," म्हणाले. ती पोर घाबरली, दप्तर हिसकून आईकडं पळाली. तिच्या आईनं तात्यांकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर संध्याला दिसली. तात्यांना दिसली नाही. त्यांचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला, मग त्यांनी त्या हातानं स्कूटरची सीट पुसली.

संध्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"आजोबा, मी आले," म्हणत श्रेया धावत आली, तात्यांच्या पायाला बिलगली, आणि मग तिनं मागं बघितलं. "आई? तू पण आलीस?"

तात्यांचा चेहरा एकदम उतरला. "कोण आई? कुठं आहे?"

"मी आहे, तात्या," संध्या म्हणाली. "मघापासून इथंच आहे. तुमच्या समोर होते."

पोरं पांगत होती, रिक्षा भरत होत्या. तात्यांचा हात श्रेयाच्या डोक्यावर होता.

"समोरचंच दिसत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "कडेचं दिसतं. रस्त्याची कड, भिंत, दारं. मधे नुसता धूर. डॉक्टर म्हणाले, आता ते येत नाही परत. मी कुणाला बोललो नाही." ते थांबले. "वाचन गेलं, ते सोसलं. हिला आणायचं गेलं असतं, तर दिवसभर मी करायचं काय? तुम्ही मला कोपऱ्यात बसवलं असतं, चांगल्या मनानंच बसवलं असतं."

"तात्या, तिला काही झालं असतं तर?"

तात्या लहान पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले. सगळ्या शाळेला उभं करून छड्या मारणारा हा माणूस असा उभा राहिलेला संध्यानं आजवर कधी पाहिला नव्हता, आणि तिला तो बघवत नव्हता.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मला रोज भीती वाटायची. घरी पोचलो की रोज ठरवायचो, उद्यापासून नाही."

त्यांनी स्कूटरची किल्ली काढली. श्रेया एकदा आजोबांकडं, एकदा आईकडं बघत होती. तात्यांनी कोपऱ्यातून एक हिरवी साडी हेरली, दोन पावलं पुढं टाकली आणि किल्ली समोर धरली.

"घे, पोरी. नेऊन सोड आम्हा दोघांना," ते म्हणाले.

हिरव्या साडीतली ती बाई कुणाची तरी आई होती. ती गोंधळून मागं सरकली. संध्यानं बाजूनं येऊन त्यांच्या हातातली किल्ली घेतली.