सुपरवायझरचा बाप

"काठ जुळले नाहीत. सोड."

मी माझ्याकडचं टोक सोडलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घालतोय, पण माझी लेक मला रोज नापास करते. मोठ्या चादरीला दोन टोकांना दोघं लागतात. पूर्वी समोर तिची आई असायची. ती जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून समोर ही. वय चोवीस, उंची माझ्या खांद्याइतकी, जन्मापासून डाउन सिंड्रोम आणि नजर अशी बारीक की पुसटसा डाग दिसला तरी चादर परत मशीनमध्ये. अख्खं हॉस्पिटल तिला सुपरवायझर म्हणतं आणि तीही ते हक्कानं ऐकून घेते.

तेवढ्यात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टर आत आल्या. रोज चादरी न्यायला यायच्या, त्या दिवशी ट्रॉली नव्हती. पाचवा महिना चालू होता त्यांना. सुपरवायझर पलीकडे उशांचे अभ्रे लावत होती आणि ड्रायर घरघरत होता.

"मामा, माझा रिपोर्ट आला," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी मानेनंच माझ्या लेकीकडे खूण केली. "बाळाला तेच आहे. घरचे म्हणतात, अजून वेळ आहे, विचार कर. तुम्ही मला खरं सांगा. गोड नको."

गोड बोलणं मला जमतं. देवाचं लेकरू वगैरे लोकांना आवडतं. पण देवाचं लेकरू बापाला एकच घडी तीनदा घालायला लावत नाही. म्हणून मी आधी त्रासच सांगितला. दुसऱ्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन, पाचव्या वर्षी पहिलं धड वाक्य, शाळेत घेईनात म्हणून झिजवलेले उंबरे. मग म्हटलं, आता घरात तिच्यावाचून माझं पान हलत नाही.

"तुम्हाला आधी कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग लगेच तयार झालात तुम्ही?"

इथे मी अडकलो. हो म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? साक्षीला तिची आईसुद्धा उरली नव्हती. पण सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघून खोटं बोलवेना. आम्हा लाँड्रीवाल्यांना हळू बोलता येत नाही, मशीनच्या वर आवाज चढवून घसे तसेच होऊन जातात. मी सवयीनं ओरडलोच.

"नाही! मला ही पोर नको होती!"

आणि नेमका त्याच क्षणी ड्रायर थांबला.

चोवीस वर्षं हे एक वाक्य मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. ती हातात अभ्रा धरून माझ्याकडे बघत होती.

"कोणती पोर?"

"तू."

"कधी?"

"तू पोटात होतीस तेव्हा. मी घाबरलो होतो गं. तुझी आई म्हणाली, मला हवी आहे."

"आणि तू?"

"मी गप्प बसलो."

माझ्या गप्प बसण्यावर मला ही मिळाली. तिच्या आईचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत, आणि ती असताना एकदाही मी तिला तसं म्हटलं नाही.

सुपरवायझर विचारात पडली की तिला वेळ लागतो. घाई केलेली चालत नाही.

"मग तू हो कधी म्हणालास?"

हे मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. ऑपरेशनच्या कागदावर सही केली होती, खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, रात्र रात्र छातीशी धरून बसलो होतो. पण हो?

"म्हणायचं राहिलं," मी म्हटलं.

"आता म्हण."

"हो."

"नीट."

"हो. मला तू हवी आहेस. रोज हवी आहेस."

"बरं," ती म्हणाली. डाग निघाला की म्हणते, अगदी तसंच.

सिस्टर भिंतीला टेकून रडत होत्या. सुपरवायझरनं त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरची नुकत्याच घातलेल्या घड्यांची उबदार चळत उचलली आणि लोखंडी स्टुलावर ठेवली.

"तुम्ही बसा."

"अगं, घड्या मोडतील सगळ्या."

"मोडू देत," ती म्हणाली. "बाबा परत घालेल."