नऊ हातांचा पाळणा

आमच्या सासरी मूल जन्मलं की पाळण्याला रंगाचा एक हात द्यायचा, असा रिवाज. रंगही कुठला, तर त्या वर्षी बोयांना लावून उरलेला. अमेरिकेतल्या मेनच्या या किनाऱ्यावर शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरणाऱ्या घराघराचे रंग ठरलेले असतात. पाण्याखालचा पिंजरा कुणाचा, ते वर तरंगणाऱ्या बोयावरून कळतं. आमचा नारिंगी, मध्ये पांढरा पट्टा. पाळणाही तसाच. "पोर कुणाचं ते लांबूनच कळायला हवं," असं माझे सासरे म्हणायचे. माझी ओपल झाल्यापासून त्यांना सगळे ग्रॅम्पी म्हणतात, मीसुद्धा.

हा पाळणा टांगायचा नाही, जमिनीवर डुलणारा. पाइनच्या फळ्यांचा, ग्रॅम्पींच्या आजोबांनी केलेला. ओपल त्यातलं नववं बाळ असणार होती. माझ्या आईने पोर्टलंडहून नवंकोरं क्रिब, बाळाचा कठड्याचा पलंग, पाठवलं होतं, त्याचं खोकं बोळात उभंच होतं. ग्रॅम्पी येता-जाता त्याला बोटाने टकटक करायचे. "भुसा आणि डिंक! दोन वर्षांत स्क्रू ढिले होतील. मग फेका आणि दुसरं आणा."

खरं सांगायचं तर मलाही ते खोकं उघडायचं नव्हतं. या घरात येऊन मला चारच वर्षं झालेली. माझं लेकरू त्या पाळण्यात निजलं की मीही इथलीच, असं काहीतरी मनात होतं. पाळण्याची खालची पट्टी चिरली होती म्हणून ग्रॅम्पी ती नवी करत होते, आणि ओपल सहा आठवडे कपड्यांच्या टोपलीत झोपत होती.

मार्चच्या शेवटी ते पाळणा घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. नववा हात चकाकत होता. मी कडेवरून बोटं फिरवली, तर एका जागी खड्डे लागले. त्यांत ब्रश पोचला नव्हता, खालचे थर दिसत होते: नारिंगी, पांढरा, पुन्हा नारिंगी, मग करडा.

"रॉयसचे दात ते," ग्रॅम्पी कौतुकाने म्हणाले. "उंदीर होता नुसता तुझा नवरा!"

मला दवाखान्यातला कागद आठवला. 'घरात जुना रंग आहे का?' मी 'नाही' लिहून आले होते.

"अजून ओलसर वाटतोय, ग्रॅम्पी. दोन दिवस वाळू दे," मी म्हणाले. रंग खडखडीत वाळला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून शिसं तपासायच्या काड्या आणल्या. ओपलला खांद्यावर उचक्या लागल्या होत्या. मी त्या दातांच्या खड्ड्यात काडी घासली. कापूस आधी गुलाबी झाला, मग लाल.

रॉयस दुपारी बोटीवरून आला तेव्हा मी काडी त्याच्यापुढे धरली.

"शिसं?"

"शिसं."

"म्हणजे मला गणित का येत नव्हतं, ते आज कळलं."

"गंमत सुचतेय तुला!"

तो स्टुलावर बसला, बूट न काढताच. "म्हाताऱ्याला सांगू नकोस, लिडी. ओपलला पाळण्यात झोप लागत नाही म्हणू."

"आणि उद्या तुझी बहीण मागेल तेव्हा? तिच्याही लेकराला झोप लागत नाही म्हणणार?"

तो बूट काढायला वाकला.

ग्रॅम्पींना मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातच सांगितलं.

"अगं, पूर्वी रंगात शिसं असायचंच," ते म्हणाले. "म्हणून तर टिकायचा."

"ते पोरांच्या पोटात जातं, ग्रॅम्पी. डोक्याला बाधतं."

मी काडी दाखवली. त्यांनी ती पाहिली, मग दातांचे खड्डे पाहिले, आणि त्यांवर अंगठा ठेवला, जणू झाकूनच टाकायचे होते.

"रॉयसच्या वेळी जुना रंग मी काचपेपरने घासला होता," ते हळूच म्हणाले. "इथेच, या टेबलावर. तुझ्या सासूला, व्हर्नाला, दिवस गेले होते. ती धूळ झाडून काढायची."

"तुम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं?"

"घासला तर मीच ना."

पाळणा उचलून ते निघून गेले. रॉयसने आवारापलीकडच्या त्यांच्या शेडपर्यंत हात लावू का म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेडच्या धुराड्यातून धूर येताना दिसला. ओपलला तशीच छातीशी धरून मी धावत गेले.

"तिथेच थांब!" आतून आवाज आला. "पोरीला घेऊन आत पाऊल टाकायचं नाही."

शेगडीवर कॉफी उकळत होती. प्लास्टिकवर पाळणा उलटा पडला होता आणि ग्रॅम्पींच्या तोंडाला भलामोठा मास्क.

"मला वाटलं, जाळताय."

"जाळला तर तेच गावभर उडेल. दुकानवालीने बजावून सांगितलंय. रंग ओला करून खरवडायचा, सगळं पिशवीत बांधायचं." मग जरा थांबून म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस, पोरी. माझ्याशी गोड बोलणारे पुष्कळ आहेत."

त्याच संध्याकाळी आम्ही खोकं उघडलं. रॉयसने क्रिब जोडलं, दोन स्क्रू उरले, ते त्याने खिशात घातले.

धुक्यामुळे बोट बाहेर पडायची नाही त्या दिवशी ग्रॅम्पी खरवडत बसायचे. यायचे ते आंघोळ करून, शर्ट बदलून, आणि तरी दारातच उभे राहून हातांचा वास घेऊन बघायचे. मग सांगायचे, "आज रॉयसचा हात काढला." महिन्याभराने, "आज माझा. माझ्या बापाने दिलेला." त्या दिवशी ते ओपलला न घेताच परत गेले.

ऑक्टोबरात पाळणा आला. लोण्याच्या रंगाचं लाकूड, शिरा दिसणारं. हयात असलेल्या कुणीच त्याला असं पाहिलेलं नव्हतं.

"आपला वाटतच नाही," ग्रॅम्पी म्हणाले आणि माझ्या हातात काडी दिली. "तूच बघ. माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी कडा घासल्या, कोपरे घासले, पट्ट्यांच्या खाली वाकून घासलं. काड्या पांढऱ्याच राहिल्या.

मी ओपलला आत ठेवलं. डोकं एका फळीला, टाचा दुसऱ्या फळीला. तिने गुडघे दुमडून पाहिले आणि भोकाड पसरलं.

"ग्रॅम्पी... ही मावत नाही."

"ठाऊक होतं. जुलैतच दोरीने मोजली होती तिला. तू कपडे वाळत घालत होतीस तेव्हा."

"मग सगळा उन्हाळा कशाला घालवलात?"

"कशाला म्हणजे?" ते खरोखरच चकित झाले. "मी घातलेली घाण तुझ्या पोरांनी काढायची?"

ओपल कडेला धरून उभी राहायला धडपडत होती, पाळणा डुलत होता. ग्रॅम्पी कुरकुरत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.