पाऊस नको म्हणणारी बहीण

शेतकऱ्याच्या घरात जन्माला येऊन पाऊस नको म्हणणारी मुलगी हजारात एखादीच निघत असेल. ही तशी होती. बाकीचे पावसासाठी देव पाण्यात घालून बसत. हिला देव कोरडेच बरे वाटत. पण तिचं तरी काय चुकत होतं? हिवाळी जवाचं, म्हणजे बार्लीचं, नुसत्या पावसाच्या भरवशावर आणि कमी पाण्यात तग धरेल असं वाण ती नऊ वर्षं घडवत होती. चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, कणसावर कागदी पिशवी चढवायची आणि मग वाट बघत बसायचं. त्यातून सतरा नंबर हाती लागला. तो कोरड्यात टिकतो का, हे कळायला वर्ष तर कोरडं हवं! नेमका मागची दोन्ही वर्षं पाऊस धो धो पडला. सगळीच वाणं गुटगुटीत. संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीने सांगून टाकलं, यंदाही पुरावा मिळाला नाही तर सतरा नंबरचं काम बंद.

म्हणून यंदा तिने प्रयोगाच्या तुकड्याला रुळांवर सरकणारं प्लास्टिकचं छप्पर बसवून घेतलं. एरवी ते बाजूला उभं असायचं. थेंब पडू लागले की तिने आणि राखणदाराने दोन बाजूंनी ढकलून ते पिकावर आणायचं.

तुकड्याला लागूनच तिच्या दादाचं शेत. त्यातही जवच, पण नेहमीचा. ऐन दाणे भरायच्या दिवसांत पावसाने पाठ फिरवली आणि दादाचं पीक पिवळं पडू लागलं. एकदा जेवताना तो म्हणाला, "चार सरी पडल्या तरी पुरे गं."

"अजून तीन आठवडे नको रे, त्या छपराचा काय भरवसा," ती बोलून गेली.

वाढता वाढता वहिनीचा डाव हवेतच थांबला.

"तू माझी बहीण की दुष्काळाची?" एवढं बोलून दादा ताटावरून उठला.

मग अबोला. इकडचे निरोप तिकडे पोचवून वहिनी कंटाळली. हिची अवस्था त्याहून वाईट. दादाचं शेत बघून जीव हळहळायचा, आणि वळून सतरा नंबर हिरवागार दिसला की आनंदही व्हायचा. त्या आनंदाची तिला लाज वाटायची.

राखणदार दाढ काढायला गेला, नेमकं त्याच दुपारी आभाळ भरून आलं. ती धावत सुटली. एका बाजूने ढकलावं, तर छप्पर तिरकं होऊन रुळातच अडकलं. टपोरे थेंब पडू लागले. पलीकडे दादा शेताच्या मधोमध तोंड वर करून उभा होता, कितीतरी दिवसांनी हसत. त्याला कोणत्या तोंडाने हाक मारणार?

पण त्याचं लक्ष गेलं. तो बांध ओलांडून आला.

"आधी मागे घे. हं, आता दोघं मिळून!"

छप्पर कुरकुरत पिकावर सरकलं. वारा त्याची कड उचलू लागला, तशी दादाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आबा वरून बघत असतील तर कपाळाला हात लावतील," तो ओरडला. "जन्मभर पाऊस मागितला, आणि आला तर पोरगा छप्पर ओढतोय!"

"दादा, जा तू. तुझा बांध फुटेल."

"फुटला तर उद्या घालीन. तुझी नऊ वर्षं वाहून गेली तर ती कोण घालणार?"

पाऊस ओसरेपर्यंत त्याने कड सोडली नाही. मग दोघं वाकून आत शिरले. पायाखाली माती कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. शेजारची वाणं करपून गेली होती आणि त्यांच्यामध्ये सतरा नंबर कणसांच्या वजनाने वाकला होता. दादाने एक दाणा नखाने दाबून पाहिला. तो टणक, भरलेला होता.

"हा माझ्या शेतात कधी?" त्याने हळूच विचारलं.

"दोन वर्षांत. हे बघितल्यावर समिती नाही कशी म्हणेल?"

एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला. सतरा नंबरवर वाकूनच ती हमसून हमसून रडू लागली.

दादाने घाईघाईने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "ए, इकडे येऊन रड," तो म्हणाला. "एवढं मरमर करून कोरडं ठेवलंय, आता तूच भिजवू नकोस!"