मक्याआडचे सहा वाफे

मी आहे वाडगाभर सेलरीची भाजी. वाफाळती, सायीत न्हालेली! मित्रांनो, गार व्हायच्या आत मला सगळं सांगायचंय.

मी कोथिंबिरीच्या नात्यातली, पण जाड देठांची. जुलैत शेताची मालकीण एरीनं आमची रोपं मक्याच्या आड लावली. एक नाही, दोन नाही, सहा वाफे! इथं अमेरिकेतल्या साध्या, जुन्या वळणाच्या आमिश शेतकऱ्यांत एवढी सेलरी फक्त लग्नघरी लावतात. पण रविवारच्या उपासनेत जाहीर होईपर्यंत लग्न गुपित ठेवायचं, म्हणून तो मक्याचा आडोसा. देठ पांढरेशुभ्र व्हावेत म्हणून एरीची लेक नॅन्सी आम्हाला माती चढवी आणि स्वतःशीच गुणगुणे. मी हिच्या लग्नाची भाजी! नुसत्या आनंदानं मी तरारून वाढले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी शेजारच्या सलोमीच्या कालवडी कुंपण मोडून तिच्याच बागेत घुसल्या. मंगळवारी तिच्या लेकीचं, मलिंडाचं लग्न, साडेतीनशे पाहुणे, आणि सेलरीचा पार फडशा! सलोमी आमच्या अंगणात येऊन मटकन बसली.

"एरी, लग्नाच्या जेवणात सेलरी नाही! लोक काय म्हणतील गं?"

एरी मक्याकडे बघेचना. तेवढ्यात नॅन्सी म्हणाली, "आई, कुदळ कुठंय?"

"अगं, मग तुझ्या लग्नाला काय?" एरी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सलोमी ताडकन उठली. "कुणाच्या लग्नाला?"

नॅन्सी लालबुंद झाली. "आधी सेलरी खणू या, सलोमीमावशी."

"मुलाचं नाव तरी सांग!"

"ते उद्या नाही, पुढच्या रविवारी!"

आम्ही सगळ्या निघालो. धुतल्या गेलो, चिरल्या गेलो, शिजलो. वर साखर, व्हिनेगर, दाट साय. खरं सांगते, मन थोडं खट्टू होतं. ज्या लग्नासाठी वाढले, ते हे नव्हतं.

मंगळवारी सलोमीनं मला आणून नॅन्सीपुढंच ठेवलं आणि ही सेलरी कुणाच्या लग्नाची ते सगळ्यांना सांगून टाकलं. समोरची म्हातारी मालिया ओरडली, "पोरी, माझ्या तळघरात वीस जुड्या आहेत, तुझ्याच समज!"

"माझ्या दहा!"

"मी तीस देते, पण नाव आत्ता सांग!"

सगळं टेबल हसलं. नॅन्सीनं ओंजळीत तोंड लपवलं, आणि एरी एप्रनआड नव्हे, सगळ्यांदेखत रडली.

मित्रांनो, हवं तेवढंच वाढून घ्या, पण घेतलेलं टाकू नका. तुमच्या पानातलं कुणीतरी आपल्या लेकीसाठी राखलेलं असतं.